शेवटपर्यंत आहेस ना, वॉल्ट?

१२ जानेवारी २००८, शनिवार. सकाळपासून भुरभुर बर्फ, वारा नाही, आभाळ राखाडी. दुपारी सगळ्यांनी मिळून सिनेमाला जायचं ठरलं होतं, तसं जाऊन आलो.

चहा घेऊन लिहायला बसले आणि लक्षात आलं, की आजचं लिहायचं तर आधी वॉल्टचे मागचे किस्से लिहायला हवेत. किस्से साठतात ते आमच्या ॲन आर्बरच्या ड्राइव्हवेच्या कडेला बर्फ साठतो तसे. एका वेळी थोडाच पडतो, फावड्यानं बाजूला सारला की आपण विसरतो. आणि फेब्रुवारीत बघावं, तर पुरुषभर उंच ढीग!

वॉल्ट केसिंजर आमचा शेजारी. धंद्यानं नट. हीरो नव्हे. हीरोच्या बाजूला जो शेरीफ, जज, बँक मॅनेजर किंवा पाद्री उभा असतो ना, तो. उभा जन्म लॉस एंजेलिसमध्ये हेच काम केलं आणि साठी उलटल्यावर बायकोला, एलीला, घेऊन तिच्या माहेरच्या गावी, म्हणजे इथे, राहायला आला. फोन आला की बॅग उचलून विमानतळावर. कुठल्यातरी मालिकेत जज होऊन परत यायचा आणि दुसऱ्या दिवशी अंगणात पानं गोळा करत असायचा. त्याचं नाव चित्रपटाच्या शेवटी, लोक पार्किंगमध्ये गाडी शोधत असतात तेव्हा येतं.

*

आम्ही २००१ मध्ये हे घर घेतलं. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्या बर्फ बघायचा म्हणून हिवाळाभर थांबल्या. दुपारी टीव्हीवर जुने काउबॉयचे चित्रपट लागत. आईंना इंग्रजी कळत नसे, पण घोडे कळत.

एके दिवशी मी बाहेरून आले तर आई खिन्न बसलेल्या. चित्रपटातला लांब नाकाचा शेरीफ मेला होता. "चांगला माणूस होता गं," त्या म्हणाल्या. "मेल्यानं पाठीत गोळी घातली."

रात्रभर बर्फ पडला. सकाळी आईंनी खिडकीतून हाक मारली. आवाज अगदी खालचा. "वैशाली, कालचा मेलेला माणूस आपल्या दारात बर्फ काढतोय."

मी बाहेर जाऊन वॉल्टला आत बोलावलं, चहा दिला आणि घडलेलं सगळं सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्याकडे निरखून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "त्यांना विचार, पाठ कशी आहे."

मी विचारलं. वॉल्टनं कप खाली ठेवला, हात मागे नेऊन पाठ चाचपली आणि गंभीरपणे म्हणाला, "त्यांना सांग, तीस वर्षांत पुष्कळ बरी झालीय."

आईंनी त्याला तिळाचं तेल दिलं. तो ते लावायचासुद्धा.

*

मिलिंद म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळाचा नाटकवाला. मूळ नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. २००२ च्या संक्रांतीला तो तिळगूळ घ्यायला आला. सोफ्यावर वॉल्ट कोट-टाय घालून बसलेला. त्याला कुठल्याशा समारंभाला जायचं होतं. मिलिंद दारातच थबकला. "वहिनी, यांना मी कुठंतरी पाहिलंय."

वॉल्टला हे रोजचं. लोकांना चेहरा आठवतो, नाव नाही. ग्रोसरीच्या दुकानात कुणी त्याला आपला शाळेतला मास्तर समजायचा, कुणी चर्चमधला पाद्री. तो कुणालाही दुरुस्त करत नसे. पण मिलिंदचं ग्रीन कार्ड तेव्हा अडकलेलं होतं, आणि असं कार्ड अडकलेल्या माणसाला टायवाला प्रत्येक गोरा एकाच ऑफिसातला वाटतो. आपला व्हिसा इंटरव्ह्यू घेणारा खिडकीतला साहेब तो हाच, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "गुड आफ्टरनून, सर."

वॉल्टनं एकदा माझ्याकडे बघितलं. तिळगुळाची वाटी बाजूला ठेवली, चष्मा नाकावर खाली ओढला. सध्या कोणती कंपनी, पद काय, असं विचारत गेला. मिलिंद मुकाट्यानं सांगत गेला. लग्न? मिलिंद म्हणाला, मार्चमध्ये. कुणाशी? "सर, मुली बघणं चालू आहे." माझा नवरा, शिरीष, हसू दाबत स्वयंपाकघरात पळाला.

शेवटी वॉल्टनं नुसता हात पुढे केला. "कागदपत्रं?"

"सर, गाडीत आहेत," मिलिंद म्हणाला. आणि खरंच जाऊन फाइल घेऊन आला!

खरं काय ते कळल्यावर मिलिंदनं फाइल मिटली. मग म्हणाला, "वहिनी, हा माणूस मले नाटकात पायजे."

*

एलीविषयी आता सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

एली चित्रपटांच्या कपडेपटात काम करायची. तिथेच त्यांचं जमलं. पडद्यावर ज्याला गोळी लागायची त्याचे एकसारखे तीन शर्ट शिवायचे. एक कोरा, दोन भोकं पाडलेले, म्हणजे सीन फसला तर दुसरा असतो. वॉल्टच्या वाट्याला चित्रपटात मरायच्याच भूमिका. ती मला म्हणाली होती, "नवरा माझा मरणार, आणि शर्टाला भोकं मीच पाडायची."

त्यातून तिचा एक नियम झाला. पडद्यावर वॉल्ट मेला की ती उठायची. थिएटर असो, घरचा टीव्ही असो, पर्स उचलायची आणि बाहेर. रागानं नाही, रडून तर नाहीच. तिचं म्हणणं साधं होतं: ज्याला बघायला आले तो माणूस गेला, आता उरलेल्यांच्या भानगडी मला काय करायच्यात?

त्यामुळे वॉल्टच्या एकाही चित्रपटाचा शेवट तिला माहीत नव्हता. नवीन काम आलं की ती एकच विचारायची, "शेवटपर्यंत आहेस ना?" आणि वॉल्ट खांदे उडवायचा. आमच्या सगळ्या ग्रूपमध्ये ते वाक्य रूढ झालं. कुणी पार्टीला आला की यजमान विचारणार, "शेवटपर्यंत आहेस ना?"

*

विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांच्या सरावासाठी खोटे पेशंट लागतात. हातात काम नसलं की वॉल्ट ते करायचा. कधी हार्ट अटॅक, कधी पोटदुखी.

२००३ मध्ये आमच्या मंडळातली गौरी तिथे शिकत होती. परीक्षेत तिला जो पेशंट आला तो वॉल्ट. तिनं त्याला सांगायचं होतं, की तुमचा आजार बरा होणारा नाही. गौरी आत गेली, उभ्या उभ्याच बोलायला लागली, आणि समोर वॉल्टचा चेहरा असा काही बदलला की तिला पुढचं बोलवेना. तिचे डोळे भरून आले.

वॉल्टनं भूमिका सोडली नाही. पेशंट म्हणूनच तिला खुर्ची दिली, टिश्यूचा डबा सरकवला आणि म्हणाला, "डॉक्टर, सावकाश. मला कुठे जायची घाई नाही."

परीक्षक काचेमागून बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी गौरीला एवढंच विचारलं, की दोघांपैकी डॉक्टर कोण होतं?

त्या संध्याकाळी वॉल्टनं तिला आमच्या डेकवर, घरामागच्या लाकडी ओट्यावर, बसवून शिकवलं. वाईट बातमी उभ्यानं सांगायची नाही. आधी बसायचं, समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं, मग बोलायचं. पुढच्या परीक्षेत गौरी पास झाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

२००४ च्या गणपतीत मिलिंदनं स्वतः लिहिलेलं नाटक बसवलं. त्यात एक गोरा साहेब होता, त्याला थोडं मराठी बोलायचं होतं. वॉल्ट म्हणाला, मला सगळं नाटक ऐकायला द्या. समोरचा काय बोलतो ते माहीत नसेल तर मी ऐकणार कसा? त्याच्या मते त्याच्या धंद्यातलं खरं काम ऐकण्याचं. बोलायला हीरो असतोच.

मी आमच्या डायनिंग टेबलावर बसून सगळ्यांची वाक्यं कॅसेटवर रेकॉर्ड केली. वॉल्ट कानाला हेडफोन लावून रोज नदीकाठी फिरायचा आणि पाठ करायचा. अर्थ माझ्याकडून समजून घ्यायचा. एली म्हणाली, झोपेतही मराठी बोलतोय.

तालमीला आला तर सगळं चोख. फक्त मध्येच थांबायचा. "हे गाव माझं आहे," असं म्हणून गप्प. विंगेकडे बघत राहायचा. मग पुढचं वाक्य. प्रॉम्प्टरनं घाईघाईनं शब्द पुरवले की हात वर करून त्याला थांबवायचा. असं चार ठिकाणी. मिलिंद हैराण झाला. मी शेवटी विचारलं, वॉल्ट, तिथे अडतं काय?

"अडत नाही. तिथे शिट्टी आहे ना," तो म्हणाला. "मी वाट बघतोय. कुणाची एंट्री आहे?"

घरी येऊन कॅसेट लावली. कुकर!

मी कपाळाला हात लावला, पण मिलिंद म्हणाला की तसंच ठेवू. प्रयोगाला हॉल भरलेला. वॉल्ट "हे गाव माझं आहे" म्हणून थांबला आणि तीनशे माणसं श्वास रोखून बसली. नंतर बटाटेवड्यांच्या रांगेत मंडळाचे एक जुने सभासद माझ्यापाशी आले. पुण्यात ते मोठमोठ्या नटांची कामं बघून आलेले. म्हणाले, "काय पॉज घेतो हो हा माणूस! कुणाकडे शिकला?"

मी म्हटलं, "तुरीच्या डाळीकडे."

*

त्याच नाटकातली आणखी एक गोष्ट. मूळ संहितेत साहेब दुसऱ्या अंकात विहिरीत पडून मरतो. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात मिलिंदला एलीचा नियम कळला. तो अस्वस्थ झाला. म्हणाला, बाई पहिल्या रांगेतून उठून गेली तर मागचे समजतील नाटक पडलं.

त्यानं दुसरा अंक पुन्हा लिहिला. साहेब विहिरीत पडतो, पण लोक त्याला बाहेर काढतात. मग त्याचं काय करायचं ते मिलिंदला सुचलं नाही, म्हणून साहेब पंचा गुंडाळून, नाक पुसत, शेवटपर्यंत पाटावर बसून राहिला. एक शब्द न बोलता. लोकांचं निम्मं लक्ष त्याच्याकडेच.

पडदा पडला तेव्हा एली जागेवर होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "असं असतं होय, संपतं तेव्हा."

*

२००६ च्या वसंतात वॉल्टला एक चित्रपट मिळाला. इथेच, मिशिगनमध्ये, तळ्याकाठच्या एका गावात शूटिंग. भूमिका गावातल्या न्हाव्याची. हीरो गाव सोडून जातो, शेवटी परत येतो, न्हाव्याच्या खुर्चीत बसतो, आणि न्हावी त्याची दाढी करता करता बोलतो. चित्रपटातलं शेवटचं वाक्य वॉल्टचं! एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच. एलीनं विचारायच्या आधीच तो आमच्या अंगणात येऊन सांगून गेला, "शेवटपर्यंत आहे."

वस्तऱ्यानं दाढी करायला तो गावातल्या एका म्हाताऱ्या न्हाव्याकडे शिकला. आधी फुगवलेल्या फुग्यावर साबण लावून सराव. फुगे फुटायचे थांबल्यावर त्याला माणूस हवा होता. शिरीष तयार झाला. दर रविवारी आमच्या डेकवर शिरीष खुर्चीत, गळ्याला पांढरं कापड, आणि वॉल्ट त्याच्या गळ्याशी वस्तरा धरून शेवटच्या सीनमधलं भाषण म्हणतोय.

शिरीषला मिशी होती. सांगलीहून आणलेली, लग्नाच्या फोटोतलीच. एका रविवारी भाषण फार रंगलं. वॉल्टच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी, शिरीषच्याही. भाषण संपलं, वॉल्टनं टॉवेलानं तोंड पुसलं आणि दोघांनी आरशात बघितलं.

"वॉल्ट," शिरीष म्हणाला, "हे स्क्रिप्टमध्ये होतं का?"

*

शूटिंग व्हायचं होतं तेवढ्यात एलीच्या हृदयाचं दुखणं निघालं. झडप बदलायची, मोठं ऑपरेशन. वॉल्ट काम सोडायला निघाला. एलीनं साफ सांगितलं, की काम करायचं. आम्ही सूप घेऊन गेलो होतो, आमच्यासमोरच ती म्हणाली, "सौदा करू. या वेळी तू शेवटपर्यंत राहायचंस, मीही राहते. हा चित्रपट मला पूर्ण बघायचाय."

शूटिंग संपवून वॉल्ट आला, आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन. वेटिंग रूममध्ये वॉल्ट, शिरीष आणि मी.  वॉल्ट समोरच्या भिंतीकडे बघत नुसता ऐकत असल्यासारखा.

गौरी तोवर तिथेच सर्जरीची रेसिडेंट झाली होती. दार उघडून ती बाहेर आली. आमच्याकडे आली. खुर्ची ओढली. वॉल्टच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसली.

वॉल्टचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं शिरीषचा हात धरला.

"व्यवस्थित झालं, वॉल्ट," गौरी म्हणाली. "एली मस्त आहे."

वॉल्टनं शिरीषचा हात सोडला. "मग बसलीस का?"

"सकाळपासून उभी आहे. पाय मोडलेत माझे."

वॉल्टनं खिशातून रुमाल काढला, चेहरा पुसला, आणि तिला धडा पुढे शिकवला. "गौरी, चांगली बातमी उभ्यानं सांगायची."

*

तर तो चित्रपट आज दुपारी बघितला. मधली दीड वर्षं तो कुठे अडकला होता कोण जाणे. आणि एडिटिंगच्या टेबलावर काय होतं ते नटाला कुणी कळवत नाही. तो आपला तिकीट काढून इतरांसारखाच बघतो. वॉल्टला आठवडाभर झोप नव्हती. काल संध्याकाळी मला म्हणाला, एलीनं सौद्यातला तिचा भाग पाळला.

मॉलमागच्या थिएटरात आम्ही पूर्ण रांग घेतली. मधोमध वॉल्ट आणि एली. एका बाजूला मिलिंद, त्याची बायको, गौरी. दुसऱ्या बाजूला मी, शिरीष, आणि या हिवाळ्यात पुन्हा आलेल्या आई. एलीनं नवा निळा कोट घातला होता. दिवे गेले तसं मिलिंद हळूच म्हणाला, "वॉल्ट, शेवटपर्यंत आहेस ना?" सगळे हसले. वॉल्टही.

पहिला तासभर छान. वॉल्टची दोन दृश्यं, दोन्हींत हीरो बोलतो आणि वॉल्ट ऐकतो. हीरोकडे कुणाचं लक्ष गेलं नसेल. मग हीरो गाव सोडून गेला. काही वर्षांनी परत आला. गाडी न्हाव्याच्या दुकानासमोर थांबली. एलीनं वॉल्टचा हात धरला.

हीरोनं दार ढकललं. आत खुर्ची रिकामी. आरशाच्या वर वॉल्टचा फोटो, चौकटीत, बाजूला फुलं. दुकानातली मुलगी म्हणाली, ते मागच्या हिवाळ्यात गेले. हीरोनं मान खाली घातली आणि तळ्याकडे चालत गेला. वॉल्टचं भाषण नव्हतं. फोटो सेटवर काढला होता तेव्हा त्याला सांगितलं होतं, सहज हवाय.

आमच्या रांगेत कुणी हललं नाही. वॉल्ट पडद्याकडे बघत होता. डोळ्यांची उघडझापसुद्धा नाही.

एलीनं मांडीवरचा कोट घेतला. बाही घातली, दुसरी बाही घातली, बटणं लावली. पर्स उचलली. उभी राहिली आणि वॉल्टच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल, वॉल्ट."

वॉल्टनं तिच्याकडे वर बघितलं. मग तोही उठला.

आईंनी मला कोपर मारलं. "काय झालं? परत मेले का?"

"हो, आई."

"मग चला," आई म्हणाल्या आणि शाल सावरत उठल्या.

त्यांच्यामागे शिरीष, पॉपकॉर्नसकट. मग मी, गौरी, मिलिंद, त्याची बायको. पूर्ण रांग रिकामी करून आम्ही अंधारात एकामागे एक बाहेर आलो. बर्फ थांबला होता. समोरच्या डायनरमध्ये दोन टेबलं जोडून पॅनकेक खाल्ले. वॉल्टनं दुसऱ्यांदा मागवले.

चित्रपट कसा संपतो, ते आमच्यापैकी कुणालाही माहीत नाही.